स्वस्त गेमिंग संगणक कसा वाचावा?

आमच्या विभागातील एम. ए. भाग दोनच्या एका विद्यार्थ्याने शोधप्रकल्पासाठी जो विषय मांडला, तो आम्हांला प्रथम चमत्कारिक वाटला आणि थोडा विचार केल्यावर अगदी रास्त वाटला. 'ॲलन वेक २' ह्या २०२३ साली आलेल्या संगणकीय खेळातील निवेदकाचा त्याला अभ्यास करायचा होता. ह्या खेळाचा एक नायक लेखक आहे; तो स्वतःच्याच लिखाणात अडकलेला आहे, आणि खेळणाऱ्याने त्याच्या वतीने प्रसंगाचे कथानक बदलले की भोवतालची जागाच पालटते. निवेदक, पात्र, लेखक आणि वाचक ह्यांच्यामधल्या रेषा जिथे पुसट होतात अशी ही संहिता आहे, असे त्याचे म्हणणे. कथनमीमांसा शिकवणाऱ्याने नकार द्यावा असे त्यात काही नव्हते. आम्ही संमती दिली, संदर्भग्रंथांची यादी तपासून दिली आणि 'लागा कामाला' म्हटले.

सहा आठवड्यांनी तो विषय बदलून मागायला आला. घरच्यांनी सोयाबीनच्या पैशांतून दिलेले २८,००० रुपये खर्चून त्याने एक तयार 'गेमिंग' डेस्कटॉप मागवला होता. जाहिरातीतले एकही अक्षर खोटे नव्हते. प्रोसेसरच्या नावात 'सात' होता, रॅम १६ जीबी होती, ग्राफिक्स कार्ड '४ जीबी'चे होते आणि कॅबिनेटात रंगीत दिव्यांचे तीन पंखे फिरत होते. ह्या खेळाच्या प्रकाशनाच्या वेळी जाहीर झालेल्या किमान अपेक्षांत कार्डावर ६ जीबी स्मृती मागितली होती, हेही त्याने वाचले होते; पण चार आणि सहा ह्यांत अंतर ते किती, चित्र थोडे कमी देखणे दिसेल इतकेच, असा त्याचा हिशेब. प्रत्यक्षात प्रोसेसर दहा वर्षांहून अधिक जुन्या पिढीचा निघाला आणि कार्ड केवळ पडद्यावर चित्र उमटवण्यापुरते. खेळ सुरूच झाला नाही. विक्रेत्याचे उत्तर एका ओळीचे होते : जे लिहिले होते तेच दिले आहे.

हे उत्तर आम्हांला खोडून काढता आले नाही. मात्र त्यामुळे एक गोष्ट लक्षात आली. हा प्रश्न जितका संगणकाचा आहे, तितकाच वाचनाचा आहे. आणि वाचन हा तर आमचा धंदा. म्हणून हे टिपण.

'हा आपला प्रांत नव्हे' असा आक्षेप प्रथमच येईल, तेव्हा त्याचे उत्तर आधी देऊ. संगणकीय खेळांकडे कथनाच्या अंगाने पाहण्याची परंपरा आता पाव शतकाहून जुनी आहे. एस्पेन आर्सेथ ह्यांचे 'सायबरटेक्स्ट' आणि जॅनेट मरे ह्यांचे 'हॅम्लेट ऑन द होलोडेक' ही दोन्ही पुस्तके १९९७ सालची. केवळ ह्याच विषयाला वाहिलेले 'गेम स्टडीज' हे संशोधनपत्र २००१ साली सुरू झाले. आपल्याकडे सौविक मुखर्जी ह्यांनी खेळ आणि कथन ह्यांच्या नात्यावर २०१५ साली इंग्रजीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या संस्थेने २०२० साली आणलेला 'राजी' हा खेळ तर आपल्या पुराणकथांवरच उभा आहे. तेव्हा विद्यार्थी असे विषय घेऊन येणार, आणि यायलाही हवेत. परंतु कादंबरीचा अभ्यासक ग्रंथालयातून प्रत काढतो, नाटकाचा अभ्यासक तिकीट काढतो. खेळाच्या अभ्यासकाला मात्र संहितेपर्यंत पोचण्यासाठी आधी एक यंत्र लागते, आणि ते यंत्र निवडताना त्याच्या हाती असतो फक्त एक मजकूर. त्या मजकुराची चिकित्सा त्याला कोणी शिकवलेली नसते.

हा मजकूर म्हणजे तयार गेमिंग संगणकाची वैशिष्ट्ये सांगणारी पाच-सहा ओळींची यादी. आम्ही गेले काही महिने अशा बऱ्याच याद्या एकापुढे एक ठेवून वाचल्या. त्यांत तीन गोष्टी पुन्हा पुन्हा आढळतात. त्यांना आपल्या परिचयाची नावे द्यायची तर लक्षणा, श्लेष आणि मौन.

लक्षणा म्हणजे एका भागाच्या नावाने संपूर्ण वस्तू ओळखणे. अख्ख्या कॅबिनेटला 'सीपीयू' म्हणण्याची आपली जुनी सवय ह्याच जातीची. 'आय सेव्हन गेमिंग पीसी' हा शब्दप्रयोगही तसाच. त्यात प्रोसेसरचे कुलनाव सांगितलेले असते, पिढी सांगितलेली नसते. इंटेलचा २०११ सालचा 'आय सेव्हन २६००' चार गाभ्यांचा होता. २०२२ साली आलेला 'आय थ्री १२१००' हाही चारच गाभ्यांचा. पण अकरा वर्षांच्या सुधारणांमुळे तो धाकट्या नावाचा प्रोसेसर थोरल्या नावाच्या त्या पूर्वजाला सहज मागे टाकतो. म्हणजे नावातला सात किंवा तीन हा त्या त्या पिढीतला मान आहे. दोन पिढ्यांची तुलना त्याने होत नाही. ती करायची तर त्यापुढचा चार-पाच आकड्यांचा क्रमांक पाहावा लागतो, आणि स्वस्त याद्यांतून नेमका तोच गाळलेला असतो. ह्याचा दुसरा परिणाम आयुष्यमानावर होतो. विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासूनचे आहेत. त्यामुळे त्याआधीच्या पिढीचे यंत्र 'नवे' म्हणून घेणारा माणूस पहिल्या दिवसापासूनच उसन्या मुदतीवर ते वापरत असतो.

श्लेष ह्याहून अवघड, कारण तिथे पूर्ण नाव वाचूनही अर्थ कळत नाही. एन्व्हिडियाचे 'आरटीएक्स ३०५०' हे कार्ड घ्या. २०२२ साली आलेले ८ जीबीचे आणि २०२४ साली आलेले ६ जीबीचे, दोघांचेही नाव तेच. ह्यांत फरक केवळ दोन जीबीचा असावा असे वाटते. प्रत्यक्षात पहिल्यात २,५६० गणनाघटक आहेत तर दुसऱ्यात २,३०४, आणि स्मृतीकडे जाणारा मार्ग पहिल्याचा १२८ बिटांचा तर दुसऱ्याचा ९६ बिटांचा. हा प्रकार नवा नाही. २०१६ साली 'जीटीएक्स १०६०' ह्या एकाच नावाखाली ६ जीबी आणि ३ जीबीची दोन कार्डे आली, त्यांचे गणनाघटकही वेगळे होते. 'जीटी १०३०'च्या २०१८ सालच्या आवृत्तीत मूळची जलद स्मृती काढून तिथे साधी डीडीआर४ घातली गेली आणि स्मृतीचा वेग जवळजवळ एक तृतीयांशावर आला. नाव तेच राहिले. २०२२ साली 'आरटीएक्स ४०८०' ह्या नावाने दोन भिन्न कार्डे जाहीर झाली, तेव्हा टीका इतकी झाली की नाव गोंधळात टाकणारे आहे हे मान्य करून कंपनीने त्यांतले १२ जीबीचे कार्ड मागे घेतले. काव्यात श्लेषाचे दोन्ही अर्थ वाचकाच्या पदरात पडतात. बाजारात एक अर्थ जाहिरातीत राहतो आणि दुसरा घरी येतो.

इथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. ६ जीबीचे ३०५० हे टाकाऊ कार्ड नव्हे. ते ७० वॉटमध्ये चालते, त्याला वीजपुरवठ्याची वेगळी तार बहुधा लागत नाही, आणि म्हणून साध्या कॅबिनेटातही ते बसवता येते. ८ जीबीच्या कार्डाला १३० वॉट लागतात. कमी क्षमतेची वस्तू कमी किमतीत विकण्यात गैर काही नाही. तक्रार आहे ती एका नावाखाली दोन वस्तू विकण्याबद्दल.

तिसरी गोष्ट मौन, आणि आमच्या मते सर्वांत महागात पडणारी हीच. वीजपुरवठा करणाऱ्या ज्या डब्याला आपला बाजार एसएमपीएस म्हणतो, त्याबद्दल स्वस्त यादीत बहुधा '५०० वॉट' एवढेच असते; कोणत्या कंपनीचा, कोणत्या प्रतिमानाचा, हमी किती, हे नसते. '८० प्लस' असे लिहिलेले असले तरी ते प्रमाणपत्र विजेचा अपव्यय किती कमी होतो एवढेच सांगते. आतले भाग टिकाऊ आहेत की नाहीत, ह्याची ग्वाही त्यात नाही. मदरबोर्डाच्या बाबतीत तर अनेकदा नुसते 'गेमिंग मदरबोर्ड' म्हणून भागवतात. रॅम १६ जीबी म्हणजे ८ जीबीच्या दोन पट्ट्या की १६ची एक, हेही सांगत नाहीत. दोन पट्ट्या असतील तर प्रोसेसर दोन्ही मार्गांनी स्मृतीशी बोलतो, आणि ज्या यंत्रात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसते तिथे ह्याचा फरक ठळकपणे जाणवतो. पुढचा भाग काचेने संपूर्ण बंद केलेल्या कॅबिनेटात पंखे कितीही चमकोत, त्यांना ओढायला हवा कुठून येणार, ह्याबद्दलही यादी गप्पच असते. ज्या भागांचे आकडे ग्राहकाला तोंडपाठ असतात त्यांवर विक्रेता खर्च करतो आणि ज्यांचे आकडे कोणी विचारत नाही तिथे काटकसर करतो, हे ह्या मौनाचे साधे अर्थशास्त्र आहे. म्हणून यादी वाचताना लिहिलेल्या ओळींइतकेच न लिहिलेल्या ओळींकडे लक्ष द्यावे.

मग तयार यंत्र घेऊच नये काय? संगणकाची जाण असलेले बरेच जण असाच सल्ला देतात : भाग सुटे घ्या आणि जोडून घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे अधिकृत नावाने डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, आमच्या पिढीतल्या अनेकांनी असेच संगणक जोडून घेतले. त्या व्यवहारात एक मोठा गुण होता, तो म्हणजे दुकानदाराने कागदावर लिहून दिलेले कोटेशन. त्यात प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएमपीएस, कॅबिनेट अशी प्रत्येक भागाला एक ओळ आणि प्रत्येक ओळीला एक किंमत असे. तो कागद घेऊन शेजारच्या दुकानात जाता येई. पण म्हणून प्रत्येकाने सुटे भागच घ्यावेत असे आम्ही म्हणणार नाही. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या विद्यार्थ्याला असा बाजार जवळ नसतो. सुट्या भागांत प्रत्येकाची हमी वेगळ्या कंपनीकडे असते. यंत्र बंद पडले तर दोष कोणत्या भागाचा हे आधी स्वतः ठरवावे लागते. तयार यंत्रात निदान दाद मागायला एकच दार असते. ही सोय खरी आहे आणि तिच्यासाठी थोडे जास्त पैसे मोजणारा माणूस अडाणी ठरत नाही.

आमचे म्हणणे एवढेच की तयार यंत्राच्या विक्रेत्याकडूनही तोच कागद मागावा. प्रत्येक भागाचे पूर्ण नाव, प्रतिमान क्रमांक आणि हमीची मुदत लेखी मिळत नसेल, तर किंमत कितीही आकर्षक असो, ते यंत्र घेऊ नये. ही काही मेहेरबानीची मागणी नव्हे. वस्तूचा दर्जा, प्रमाण, क्षमता आणि किंमत ह्यांविषयी माहिती मिळणे हा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ने मान्य केलेला हक्क आहे. ह्यासोबत आणखी एक विचारणा करावी : एसएमपीएस आणि मदरबोर्ड सर्वसाधारण मापाचे आहेत काय? काही बड्या कंपन्यांच्या तयार संगणकांत हे भाग त्यांच्याच खास मापाचे असतात. पुढे त्यांतला एक बदलायचा तर बाजारातला बसत नाही. आज स्वस्त पडलेले यंत्र उद्या सुधारता येत नसेल, तर त्याच्या स्वस्ताईला फारसा अर्थ उरत नाही.

सध्या तर हा कागद अधिकच आवश्यक झाला आहे. २०२५च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्यामुळे रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. डिसेंबर २०२५मध्ये तर मायक्रॉनने 'क्रूशल' ह्या नावाखालील किरकोळ ग्राहकांसाठीचा व्यवसाय आवरता घेत असल्याचे जाहीर केले. अशा काळात तयार यंत्राची किंमत तीच ठेवून आतला माल हलका करण्याचा मोह विक्रेत्यांना होणारच. पैसे अपुरे असतील तर रॅमची एकच पट्टी घेऊन दुसरी जागा मोकळी ठेवणे हा प्रामाणिक मार्ग आहे. मात्र ती जागा मोकळी आहे हे आपल्याला माहीत असले पाहिजे.

ह्या साऱ्याच्या आधी एक प्रश्न येतो, आणि तो आम्ही त्या विद्यार्थ्याला विचारायला हवा होता : वाचायचे काय आहे? 'परवडणारा' हे विशेषण यंत्राचे नसून गरजेचे आहे. 'पेपर्स, प्लीज' (२०१३), 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' (२०१८) किंवा 'केंटकी रूट झीरो' (२०१३ ते २०२०) ह्यांसारखे खेळ, ज्यांचा कथनदृष्ट्या अभ्यास व्हावा असे आम्हांला वाटते, त्यांना गेमिंग संगणक लागतच नाही. कार्यालयातला बऱ्यापैकी नवा संगणक पुरतो. 'डिस्को इलिझियम' (२०१९) हा तर कादंबरीइतका शब्दबंबाळ खेळ आहे. त्यालाही एएमडीच्या 'रायझन ५ ५६००जी'सारखा, चित्रांकनाची सोय पोटातच असलेला प्रोसेसर आणि रॅमच्या दोन पट्ट्या एवढ्यावर भागते. स्वतंत्र कार्डाचा खर्च 'विचर ३' किंवा 'ॲलन वेक २' ह्यांसारख्या, जिथे दृश्य हेच कथनाचे माध्यम आहे, अशा संहितांसाठीच करावा. आणि करायचा तर नव्याने घेताना ८ जीबीच्या खाली जाऊ नये, असे आमचे मत आहे. दिव्यांचे पंखे, काचेची भिंत, ह्यांवर एक रुपयाही घालू नये. उलट ज्या गावात वीज वारंवार जाते तिथे यूपीएसचा खर्च सुरुवातीलाच अंदाजात धरावा. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंतचा भार पेलतो. निवडलेले यंत्र आणि मॉनिटर मिळून त्याच्या आत राहतात की नाही, हेही त्या कागदावरूनच कळते.

आता थोडे आमच्या घरातले. ह्या प्रसंगानंतर विभागासाठी असे एक यंत्र घ्यावे, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याला घरचे पैसे घालावे लागणार नाहीत, असा प्रस्ताव आम्ही मांडला. तो फेटाळला गेला. कारण शीर्षकात 'गेमिंग' हा शब्द होता. महाविद्यालयाच्या पैशाने मुलांना खेळायला संगणक कसा द्यायचा, हा प्रश्न सद्हेतूनेच विचारला गेला. 'ग्रंथालयात नवी पुस्तके घ्यायला पैसा नाही, आणि तुम्हांला हे सुचते' हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार होता. पुस्तके कापून यंत्र घ्यावे असे आम्ही कधीही म्हणणार नाही. परंतु नाट्यशास्त्राच्या विभागाला रंगमंच लागतो, भाषाविज्ञानाला ध्वनिमुद्रणाची सोय लागते, आणि त्यांना ग्रंथालयाचे शत्रू कोणी मानत नाही. एकेकाळी कादंबरीवाचनालाही वेळेचा अपव्यय म्हणणारी वडील मंडळी होतीच. एक यंत्र, दहा वर्षांचे विद्यार्थी, असा हिशेब मांडला तर हा खर्च उधळपट्टीचा ठरत नाही. दुसरीकडे, सर्वांत कमी किमतीचे कोटेशन तेवढे मंजूर, ही खरेदीची रूढ पद्धत इथे चालणार नाही, हेही मान्य केले पाहिजे. भागांची नावे मागणीपत्रातच नोंदवली नाहीत, तर सर्वांत स्वस्त यंत्र नेमके तेच असेल, जे आमच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला आले. पुढच्या वर्षी प्रस्ताव पुन्हा मांडू. शीर्षकातला शब्द मात्र बदलणार नाही, कारण लपवाछपवीच्या मजकुरावर एवढे लिहिल्यावर आपणच तसा मजकूर लिहिणे शोभणार नाही.

त्या विद्यार्थ्याने अखेर 'पेपर्स, प्लीज'वर प्रकल्प केला. ह्या खेळात खेळणारा एका काल्पनिक देशाच्या सीमेवरचा तपासनीस असतो. येणाऱ्या माणसांची कागदपत्रे वाचायची, नियमांशी ताडून पाहायची, विसंगती हेरायची आणि शिक्का मारायचा, एवढेच त्याचे काम. एखादी ओळ नजरेतून सुटली की तपासनिसाचा पगार कापला जातो आणि घरच्यांचे हाल होतात. प्रकल्प चांगला झाला, गुणही चांगले पडले. पण त्याला जो प्रश्न विचारायचा होता तो हा नव्हे. तो प्रश्न एका अपुऱ्या यादीपायी मागे राहिला. तो प्रकल्प तपासताना आम्हांला आमचीच चूक वारंवार आठवत होती. त्याच्या संदर्भग्रंथांच्या यादीतले स्वल्पविराम आम्ही तपासले होते. दुसरी यादी त्याने दाखवली असती तरी आम्ही 'ते तुमचे तुम्ही बघा' असेच म्हटले असते. ह्यापुढे तसे म्हणणार नाही.